चौदा वर्षांचा राखणदार
(लघु माहितीपटाचं निवेदन)

[काळा पडदा. पाण्याचा थेंब पडल्याचा आवाज. मग दिव्याचा थरथरता उजेड.]

१२ सप्टेंबर १९४०. फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातलं मोंतिन्याक गाव. गावाबाहेरच्या टेकडीवर चार पोरं जमिनीतलं एक भोक रुंद करतायत. इथून जुन्या गढीपर्यंत गुप्त भुयार जातं, अशी गावात वदंता होती. युद्धात अर्धा देश शत्रूच्या ताब्यात गेलेला, पण भुयार म्हटल्यावर पोरांना कशाचं काय! एकामागून एक चौघंही आत घसरले.

भुयार नव्हतंच. दिवा वर धरला, तर भिंतीभर घोडे. हरणं. काळी शिंगं रोखून उभे असलेले अजस्र रानबैल. सुमारे १७ हजार वर्षांपूर्वी कुणीतरी काढून ठेवलेले.

ही लास्कोची गुहा. तिच्यातल्या चित्रांवर पुष्कळ बोललं गेलंय. आपल्याला आज रस आहे तो त्यानंतरच्या चार-आठ दिवसांत.

पोरांनी ही बातमी गावातल्या म्हाताऱ्या मास्तरांना सांगितली. लेओं लाव्हाल त्यांचं नाव. मास्तरांना आधी वाटलं, पोरं आपली फिरकी घेतायत. (शिक्षकाला हा संशय नोकरीतून लागलेलाच असतो, निवृत्त झाला तरी तो जात नाही.) पण स्वतः आत उतरल्यावर त्यांची खात्री पटली. मग त्यांनी पोरांना सांगितलं : चित्रांना कुणाला हात लावू देऊ नका, आणि राखण करा.

चौघांतला एक जाक मार्साल. वय १४. त्यानं आईवडिलांना पटवलं आणि गुहेच्या तोंडाशी तंबू ठोकला. येणाऱ्याजाणाऱ्याला आत न्यायचं, चित्रं दाखवायची, आणि कुणी भिंतीला हात लावायला गेलं की अडवायचं.

'वारसा म्हणजे काय' याची व्याख्या त्याला कुणी पाठ करायला लावली नव्हती. मास्तरांनी काम दिलं होतं, एवढंच.

[शाळेचं आवार. घंटा. मुलं वर्गातून बाहेर पडतायत. काहीजण मात्र वही घेऊन झाडाखाली जमतायत.]

जगभरातल्या शाळांमध्ये आज वारसा मंडळं आहेत, निसर्ग क्लब आहेत. आठवड्यातला एखादा तास, एक उत्साही शिक्षक, वीसपंचवीस मुलं. त्यांतली काही मंडळं मुलांच्या आयुष्यभर लक्षात राहतात, आणि काही अहवालापुरतीच उरतात. असं का होतं, ते शोधत आपण थोडं फिरून येऊ.

[केनिया. गवताळ रान, दूरवर हत्तींचा कळप.]

केनिया १९६३ साली स्वतंत्र झाला. राखीव जंगलं तिथं आधीपासून होती. नैरोबीचं राष्ट्रीय उद्यान १९४६ सालचं. पण ती आखली होती वसाहतीच्या सरकारनं. सिंह-हत्ती बघायला लांबलांबचे पाहुणे यायचे. जंगलाच्या कडेला वाढणाऱ्या मुलाला मात्र हत्ती भेटायचा तो शेतात घुसल्यावर. अशा मुलाला 'हा तुझा ठेवा आहे' असं सांगणं म्हणजे जखमेवर मीठच.

१९६८ साली तिथल्या माध्यमिक शाळांतल्या विद्यार्थ्यांनीच पुढाकार घेतला आणि 'वाइल्डलाइफ क्लब्ज ऑफ केनिया' ही संस्था उभी राहिली. आफ्रिकेतली या प्रकारची ही पहिलीच. शेजारच्या युगांडात १९७५ मध्ये तशीच चळवळ सुरू झाली. टांझानियात, दार-एस-सलाममध्ये, १९९१ साली १२ विद्यार्थी चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल यांच्या घराच्या ओसरीवर येऊन बसले. आसपास जे बिघडताना दिसत होतं, त्याबद्दल त्यांना बोलायचं होतं. त्या बैठकीतून 'रूट्स अँड शूट्स' हा मुलांचा उपक्रम जन्मला, आणि पुढे तो अनेक देशांत पसरला.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखी दिसते. प्रश्न मुलांनी आणलेला होता.

[एक चिन्ह पडद्यावर : मधे चौकोन, भोवती वर्तुळ, दोन्ही एकाच रेषेत गुंफलेले.]

हे जागतिक वारशाचं बोधचिन्ह. चौकोन माणसानं घडवलेल्या गोष्टींचा, वर्तुळ निसर्गाचं. १६ नोव्हेंबर १९७२ रोजी युनेस्कोनं जो जागतिक वारसा करार स्वीकारला, त्यानं देवळं-किल्ले आणि जंगलं-डोंगर यांना पहिल्यांदाच एका छताखाली आणलं. त्याच्या २७व्या कलमात शिक्षणाचाही उल्लेख आहे. त्यावर प्रत्यक्ष शाळांसाठीचा कार्यक्रम यायला मात्र १९९४ साल उजाडलं. करारांची चाल हत्तीची!

१९९५ साली नॉर्वेतल्या बर्गन शहरात वेगवेगळ्या देशांतले विद्यार्थी जमले. त्यातल्या स्पॅनिश बोलणाऱ्या गटानं हेच चिन्ह घेतलं, त्याला डोळे दिले, हातपाय दिले, आणि नाव ठेवलं 'पात्रिमोनितो', म्हणजे 'छोटुकला वारसा'. मोठ्यांच्या समितीला हे सुचलं नसतं.

[शाळेच्या भिंतीवर ओळीनं चिकटवलेली भित्तिचित्रं. कॅमेरा त्यांवरून भरकन पुढे सरकतो.]

आता जरा कडू बोलू. बहुतेक शाळांत 'वारसा सप्ताह' येतो आणि जातो. घोषवाक्यांची स्पर्धा, चित्रांची स्पर्धा, एक प्रभातफेरी, एक रोप, आणि रोपाभोवती बारा जणांचा फोटो. रोपाला पुढच्या महिन्यात पाणी कोण घालणार, हे फोटोत कुठं दिसतं? मुलं हुशार असतात. कुठलं काम खरं आणि कुठलं देखाव्याचं, हे त्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

खरं काम कसं दिसतं, त्यासाठी एका फुलपाखराच्या मागे जाऊ.

[केशरी-काळी पंखांची जोडी. पंखावर चिकटवलेला चिमुकला पांढरा कागद.]

मोनार्क फुलपाखरू. वजन साधारण अर्धा ग्रॅम. कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागातून ही फुलपाखरं दर हिवाळ्यात गायब व्हायची. जातात कुठं? कॅनडातले प्राणिशास्त्रज्ञ फ्रेड अर्कहार्ट यांनी १९३७च्या सुमाराला या कोड्याला हात घातला. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी नोरा यांनी पंखांवर क्रमांकाची चिठ्ठी चिकटवण्याची युक्ती बसवली, आणि गावोगावच्या हौशी माणसांना कामाला लावलं. वर्षांमागून वर्षं गेली. अखेर जानेवारी १९७५ मध्ये त्यांच्या साथीदारांना मेक्सिकोच्या उंच डोंगरांत ओयामेल नावाच्या फर वृक्षांवर लगडलेली कोट्यवधी मोनार्क सापडली.

पण ही तीच फुलपाखरं कशावरून?

पुढच्या जानेवारीत अर्कहार्ट स्वतः तो डोंगर चढून गेले. तेव्हा ते चौसष्ट वर्षांचे होते. दम लागून ते खाली बसलेले असताना फुलपाखरांच्या भारानं एक फांदी मोडून समोर पडली. तिच्यावरून विखुरलेल्या ढिगात एका पंखावर पांढरी चिठ्ठी होती. ती चिकटवली होती आदल्या ऑगस्टमध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या चास्का गावी, एका शिक्षकानं आणि त्याच्या दोन शाळकरी विद्यार्थ्यांनी.

अडीच हजार किलोमीटरहून लांबचा प्रवास, आणि त्याचा पुरावा दोन शाळकरी मुलांच्या बोटांतून गेलेला. २००८ साली तो डोंगराळ प्रदेश जागतिक वारसा यादीत गेला. चास्काच्या मुलांनी 'निसर्ग वाचवा' असं कुठं लिहिलं होतं का, ठाऊक नाही. त्यांनी एक चिठ्ठी नीट चिकटवली आणि तारीख नोंदवली.

[वहीचं पान. मुलीच्या अक्षरात तारीख, झाडाचं नाव, 'पहिली कळी'.]

तारीख नोंदवणं. क्लबच्या कामात याहून सोपं आणि याहून जास्त टाळलं जाणारं काम नाही. एक झाड निवडायचं. पहिली कळी कधी, पहिलं फूल कधी, पानगळ कधी, दरवर्षी लिहायचं. पहिल्या वर्षी त्याला काहीच अर्थ नसतो. दहाव्या वर्षी ही वही कुणीतरी मागायला येतं.

जपानमधल्या क्योटो शहरात दरबारी लोक आणि भिक्षू आपल्या रोजनिशीत चेरी कधी फुलली, फुलं बघण्याची मेजवानी कधी झाली, ते लिहून ठेवत. या नोंदी पार नवव्या शतकापर्यंत मागे जातात. त्यांच्या मनात हवामानशास्त्र नव्हतं, कविता होती. पण आजच्या संशोधकांनी त्या तारखा ओळीनं मांडल्या, आणि १२०० वर्षांचं वसंताचं वेळापत्रक समोर आलं. २०२१ मध्ये तिथं चेरीचा बहर २६ मार्चलाच शिगेला पोहोचला. उपलब्ध नोंदींमध्ये इतक्या लवकर तो कधीच आला नव्हता. आता ही रोजनिशी चौकोनात टाकायची की वर्तुळात?

[जुनी दगडी भिंत. झिजलेली अक्षरं. एक मुलगा बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून बाजूनं उजेड टाकतो. अक्षरं उठून दिसतात.]

ही युक्ती कुठल्याही क्लबनं एकदा तरी करून बघावी. झिजलेला कोरीव लेख समोरून वाचता येत नाही. बाजूनं, अगदी तिरपा उजेड टाकला की खाचांत सावली भरते आणि अक्षरं वर येतात. मुलांच्या तोंडून त्या क्षणी जो आवाज निघतो, तो ध्वनिमुद्रकाला आधीच सांगून ठेवावा लागतो.

आणि काय करू नये, तेही इथंच शिकवायचं. खडूनं अक्षरं गिरवायची नाहीत. तारेच्या ब्रशनं घासायचं नाही. ॲसिड तर नाहीच नाही. भलेभले मोठे लोक उत्साहाच्या भरात एका दुपारी दगडाचं जे नुकसान करतात, ते शंभर पावसाळ्यांनी केलेलं नसतं.

इथं क्लबमध्ये भांडण लागतं, आणि ते लागू द्यावं. दगडावर करडे-हिरवट चट्टे असतात, दगडफुलाचे. इतिहासाची आवड असलेल्या मुलाला तो डाग वाटतो, पुसून टाकावासा. जीवशास्त्राची आवड असलेली मुलगी म्हणते, हात लावू नकोस, हे जिवंत आहे. यातल्या काही जाती वर्षाला मिलिमीटरभरही वाढत नाहीत. दोघांचंही खरं. लेख वाचवायचा की दगडफूल? पुस्तकात याचं उत्तर छापलेलं नाही. त्या दगडापुरतं ते शोधावं लागतं, जाणकाराला विचारावं लागतं, आणि तोवर थांबावं लागतं.

[एक आजी बोलतेय. समोर दोन मुलं, एकाच्या हातात फोन, दुसऱ्याच्या हातात वही.]

म्हाताऱ्या माणसांशी बोलणं हे क्लबचं आणखी एक काम. 'तुमच्या काळी कसं होतं?' असं विचारलं की उत्तर ठरलेलं : 'छान होतं.' त्याऐवजी विचारावं, पुराचं पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं होतं? कुठलं पाखरू आता दिसत नाही? मग माणूस थांबतो, आठवतो, हातानं उंची दाखवतो.

हातानं दाखवलेल्या अशा उंचीची किंमत इंडोनेशियातल्या सिमेउलुए बेटाला कळली आहे. १९०७ साली तिथं भूकंप झाला आणि मागून समुद्र आत आला. वाचलेल्यांनी त्या लाटेला 'स्मोंग' म्हटलं, आणि गोष्टींतून, गाण्यांतून तो शब्द मुलांच्या कानात घातला : जमीन जोरात हलली आणि पाणी मागे सरलं, की डोंगराकडे पळा. २६ डिसेंबर २००४ रोजी जमीन हलली. बेट भूकंपाच्या केंद्राला अगदी जवळ. किनाऱ्याच्या काही भागांत लाट दहा मिनिटांच्या आत आली. बेटावर सुमारे ७८ हजार माणसं होती. मृत्यू झाले ७.

[जपानचा किनारा. डोंगराकडे चढणारा रस्ता.]

जपानमधल्या कामाइशीत हेच शहाणपण शाळेच्या वेळापत्रकात बसवलेलं होतं. मुलांनी आपापल्या वाटा स्वतः चालून, नकाशे स्वतः काढून ठेवले होते. ११ मार्च २०११ रोजी किनाऱ्याजवळच्या माध्यमिक शाळेतली मुलं भूकंप थांबताच धावत सुटली. शेजारच्या प्राथमिक शाळेत चिमुरड्यांना वरच्या मजल्यावर नेलं जात होतं. मोठी मुलं पळताना पाहून तीही खाली उतरून निघाली. मोठ्यांनी धाकट्यांचे हात धरले. ठरलेल्या जागी पोहोचल्यावर, तीही सुरक्षित वाटेना म्हणून ती आणखी वर गेली. दोन्ही शाळांची मिळून ५००हून जास्त मुलं. त्यांच्या शाळा पाण्यात गेल्या.

[पुन्हा काळोख. गुहेचं बंद दार.]

लास्कोकडे परत येऊ. १९४८ साली गुहा लोकांसाठी खुली झाली. रांगा लागल्या. दिवसाला १२०० माणसं आत जाऊ लागली, आणि त्यांच्या श्वासानं, अंगच्या उष्णतेनं, सोबत आलेल्या ओलाव्यानं भिंतींवर हिरवट थर चढायला लागला. भिंतीला कुणी हात लावला नव्हता. सगळे फक्त प्रेमानं बघायला आले होते. १९६३ मध्ये दार बंद झालं. १९८३ पासून लोक शेजारीच बांधलेली प्रतिकृती बघतात.

क्लबच्या मुलांना हा भाग सांगायला शिक्षक कचरतात. मला वाटतं, सगळ्यात आधी हाच सांगावा. आवडत्या गोष्टीपासून चार पावलं लांब उभं राहणं हेही राखणीचंच काम आहे, आणि ते चौदाव्या वर्षी समजू शकतं.

[जुनं कृष्णधवल छायाचित्र : झाडीत तंबू, शेजारी एक मुलगा.]

जाक मार्सालनं तो तंबू कधीतरी गुंडाळला. गुहा त्यानं सोडली नाही. मोठेपणी तो तिथलाच वाटाड्या झाला, तिथलाच राखणदार. दार बंद झाल्यावरही तो तिच्यापाशीच राहिला. १९८९ साली तो गेला.

[काळा पडदा. थेंबाचा आवाज.]