बाजारपेठेत यायचं कशासाठी?

मित्रहो, व्हिक्टर ग्रुएन हा व्हिएन्नाहून अमेरिकेत गेलेला वास्तुविशारद. त्याने आखलेला साउथडेल मॉल १९५६ मध्ये मिनियापोलिसजवळ एडायना इथे उघडला. मूळ आराखड्यात मॉलभोवती घरं, शाळा, दवाखाना, अगदी तळंसुद्धा होतं. उभा राहिला तो मॉल आणि त्याभोवती पार्किंगचं मैदान. पुढे ग्रुएनने अशा मॉलचं पितृत्वच नाकारलं. त्याची खंत मला फार जवळची वाटते, कारण शहरांच्या मध्यवर्ती पेठांबाबत आम्हा नगररचनाकारांकडून तेच झालं. बाकीचं सगळं हळूहळू बाहेर गेलं, दुकानं तेवढी राहिली.

दुकानं चालत होती तोवर ही चूक झाकली गेली. ब्रिटनमध्ये आज किरकोळ विक्रीचा चौथ्याहून जास्त हिस्सा ऑनलाइन होतो. २००९ च्या जानेवारीपर्यंत वूलवर्थ्स या दुकानांच्या साखळीची आठशेच्या आसपास दुकानं बंद झाली, मग २०१६ मध्ये बीएचएस आणि २०२१ मध्ये डेबेनहॅम्स या मोठ्या दुकानांच्या साखळ्या. मोठ्या दुकानाकडे निघालेला माणूस वाटेतल्या चार छोट्या दुकानांत डोकावतो. मोठं दुकान मिटलं की त्या चौघांचं गिऱ्हाईकही आटतं.

इंग्लंडच्या नियोजनात 'आधी मध्यभाग' हे धोरण १९९० च्या दशकापासून आहे. नवं मोठं दुकान काढायचं तर आधी मध्यभागात जागा शोधा, मग त्याच्या कडेला, आणि कुठेच नसेल तर बाहेर. धोरण चांगलं आहे आणि ते टिकावं असं मला वाटतं. पण गावाबाहेरचा मॉल अडवणारा नियम हातातल्या मोबाइलला कसा अडवणार?

म्हणून २०२० च्या सप्टेंबरमध्ये तिथे दुकान, कॅफे, ऑफिस, दवाखाना, व्यायामशाळा, पाळणाघर हे सगळं एकाच वापरगटात आणलं. कापडाच्या दुकानाचा दवाखाना करायला आता नियोजनाची वेगळी परवानगी लागत नाही. हे मला मनापासून पटतं. रिकाम्या गाळ्याला वाट बघायला लावण्यात कुणाचंच भलं नाही. पण पुढच्याच वर्षी या गटातल्या इमारतींची घरं करायचीही बरीच मोकळीक दिली गेली. सुरुवातीला इमारत तीन महिने रिकामी असण्याची अट होती, क्षेत्रफळालाही मर्यादा होती. २०२४ मध्ये दोन्ही काढून टाकल्या.

इथे मात्र माझा जीव अडकतो. पेठेत माणसं राहायला यावीत, जरूर यावीत. पण ती वरच्या मजल्यांवर. तळमजल्यावर रस्त्यालगत घर झालं की पडदा ओढला जातो, आणि तो ओढणाऱ्याचं काही चुकत नाही. ओळीतली तीन-चार दारं अशी मिटली, की चालणारा अलीकडूनच मागे वळतो आणि पलीकडचा दुकानदार विनाकारण मार खातो. शिवाय गाळ्याचा फ्लॅट झाला की पुन्हा गाळा होणं जवळपास अशक्य. मधले मजले, मागची बाजू, गल्लीतल्या इमारती घरांना द्या. दर्शनी तळमजला राखून ठेवा, मग तिथे वाचनालय येवो की दंतवैद्य.

इंग्लंडमधल्या टीस नदीवरच्या स्टॉकटन गावाच्या नगरपालिकेने पेठेतली दोन्ही खरेदी संकुलं विकत घेतली. पेठ आणि नदी यांच्यामध्ये उभं असलेलं कॅसलगेट पाडायला घेतलं, तिथल्या दुकानदारांना दुसऱ्या संकुलात जागा देऊ केली आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर नदीपर्यंत उतरणारी बाग आखली. तिथल्या आराखड्यात दुकानांचं क्षेत्रफळ जाणूनबुजून कमी केलंय. पेठेचा आराखडा घेऊन कुणी माझ्याकडे आलं, तर हल्ली मी पहिल्यांदा हेच विचारतो: यातली किती दुकानं तुम्ही कमी करणार आहात, आणि त्यांच्या जागी कोण येणार आहे?