साखर उतरते तेव्हा

नमस्कार, श्रोतेहो. मधुमेह म्हटला की आपण वाढलेल्या साखरेला घाबरतो. घरात सत्तरीपुढचं कुणी मधुमेही असेल, तर साखर उतरण्याची भीती जास्त बाळगायला हवी.

रक्तातली साखर दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की ती कमी धरतात. ५४च्या खाली मेंदूची उपासमार सुरू होते. तरुण माणसाला आधी दरदरून घाम येतो, हात थरथरतात, छाती धडधडते. उतारवयात या खुणा पुसट होतात आणि रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणारं औषध, चालू असेल, तर धडधड, थरथर आणखी झाकली जाते. मग आजोबा असंबद्ध बोलतात, विनाकारण चिडतात. आजींचा तोल जातो. घरचे म्हणतात, वय झालं! कधी अर्धांगवायूचीही शंका येते. म्हणून मधुमेही वृद्ध अचानक गोंधळले, तर आधी साखर तपासा. यंत्र हाताशी नसेल, तर ती कमीच आहे असं समजून चाला.

शुद्धीवर असतील, नीट गिळता येत असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, कमीच असेल तर पुन्हा पाजा, मग खायला द्या. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि लगेच रुग्णवाहिका बोलवा.

हे घडतं मुख्यतः इन्सुलिनमुळे आणि ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांमुळे. वयानुसार मूत्रपिंडं मंदावतात, औषध अंगात रेंगाळतं, आणि जेवण मात्र निम्म्यावर आलेलं असतं. डोस तोच, वर्षानुवर्षं! अशा गोळीने उतरलेली साखर सावरली, तरी काही तासांनी पुन्हा घसरू शकते. त्यामुळे बरं वाटलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा आकडा, म्हणजे एचबीए१सी, सात टक्क्यांच्या आत आणायचा हट्ट प्रत्येकासाठी योग्य नाही. अनेक आजार असलेल्या, थकलेल्या वृद्धांसाठी आठ टक्क्यांच्या आसपासचं उद्दिष्टही चालतं. गोळ्या मनाने बंद मात्र करू नका. साखर कधी उतरली, त्याआधी काय खाल्लं होतं, कोणती गोळी कधी घेतली, हे वहीत लिहा, ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि स्पष्ट विचारा: डोस कमी करता येईल का?