तांदळाच्या डब्यातला अ‍ॅव्होकाडो आणि गोचुजांग

(वाशी, एपीएमसी फळ मार्केट. सकाळ.)

साडेसहा वाजलेत, पेट्या उतरवायचं काम कधीचंच सुरू झालंय आणि गोचुजांग ही कोरियन तिखट पेस्ट घालून डिप करायचंय म्हणून आपण शोधतोय अ‍ॅव्होकाडो. दोन प्रकार दिसतील बघा. हा खरबरीत सालीचा, पिकला की काळपट जांभळा होणारा, याला हास म्हणतात, आणि तो मोठा, गुळगुळीत, हिरवाच राहणारा, तो बहुतेक आपल्या दक्षिणेतून कूर्ग वगैरेकडून येतो, तिकडे बटरफ्रूट म्हणतात त्याला आणि दूध-साखर घालून मिल्कशेक करतात. मिल्कशेकला तो छानच. पण डिपसाठी मी हासच घेते कारण त्याला तेलकटपणा जास्त, आणि डिपला अंगचं लोणी लागतं, पाणी नको.

सहा घेतले, सहाही दगड. अ‍ॅव्होकाडोचं असंच असतं, झाडावर तो पिकतच नाही, तोडला की मगच मऊ पडायला लागतो.

(नेरुळ, घर.)

आई मूळची कराडकडची. तिने फळं हातात घेतली, दाबून बघितली आणि सरळ तांदळाच्या डब्यात पुरली, सोबत दोन केळी. म्हणाली, "आंब्याची अढी घालत नाही का आपण, तसंच. रोज उघडून बघू नकोस." मी तिला काहीच सांगितलं नव्हतं हां. पिकणाऱ्या केळ्यातून इथिलीन वायू निघतो, बंद डब्यात तो कोंडून राहतो आणि शेजारचं फळ लवकर पिकतं, पेंढ्यातल्या आंब्यालाही तेच होतं. चौथ्या दिवशी दोन काढले. देठाची टिकली नखाने उडवायची, खाली हिरवंपिवळं दिसलं तर फळ तयार, तपकिरी दिसलं तर आत डाग पडलेत समजा.

आता ही बरणी. गोचुजांग. लाल तिखट, चिकट तांदूळ, आंबवलेल्या सोयाबीनची पूड आणि मीठ, हे सगळं एकत्र करून महिनोन् महिने मुरवलेलं. कोरियात हे मातीच्या मोठ्या रांजणांत, अंगणात नाहीतर गच्चीवर उन्हात ठेवतात, सुनचांग नावाचं गाव तर गोचुजांगसाठीच ओळखलं जातं, आणि ही जांग, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेल्या अशा पेस्ट आणि सॉस, बनवायची परंपरा 2024 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, किमजांग, म्हणजे किमची हे कोबीचं आंबवलेलं तिखट लोणचं सगळ्यांनी मिळून घालायची पद्धत, ती तर 2013 लाच गेली होती. बरणी उघडली की आधी तिखट नाही, एक आंबूस-गोडसर मुरलेला वास येतो. आईने बोटावर घेऊन चाखलं, थोडा वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली, "ह्याला भाकरी पाहिजे."

आणि मला तिथेच कळलं की मागच्या वेळी आपलं काय चुकलं.

मागच्या वेळी मी मिक्सरला लावलं होतं सगळं, छान गुळगुळीत झालं आणि चवीला काहीच नाही, फिकट, चिकट, खाल्लं तरी लक्षात राहणार नाही असं. कारण मी त्याला सॉस समजत होते. आपल्याकडे गरम भाकरीवर लोण्याचा गोळा आणि बाजूला ठेचा घेतो तेव्हा आपण ते एकजीव करतो का? नाही करत. एका घासात लोणी पुढे, दुसऱ्यात ठेचा पुढे, मजा तिथेच आहे. अ‍ॅव्होकाडो म्हणजे लोणी, गोचुजांग म्हणजे ठेचा. ग्वाकामोले, म्हणजे अ‍ॅव्होकाडोचं डिप, तेसुद्धा मेक्सिकोत दगडी खलातच ठेचतात, नाव पण तिथल्या जुन्या नाहुआतल भाषेतलं, अवाकाटल म्हणजे अ‍ॅव्होकाडो आणि मोल्ली म्हणजे कालवण. मिरचीही तिकडचीच, अमेरिकेतून निघाली आणि पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या किनाऱ्याला लागली, पुढे कोरियातही पोचली. ठेचा आणि गोचुजांग एकाच मिरचीची लेकरं आहेत, एवढ्या लांबून येऊन आमच्या नेरुळच्या ओट्यावर भेटतायत, मला तर याचं फार कौतुक वाटतं.

(ओटा, जवळून.)

दोन चमचे तीळ कोरडे भाजून घ्या, तडतडायला लागले की लगेच ताटलीत काढा, तव्यावर राहिले तर कडू होतात. कोरियन तिळाचं तेल गडद असतं कारण ते भाजलेल्या तिळाचं, आपलं घाण्याचं तेल कच्च्या तिळाचं, म्हणून ते घातलं तर तो वास येत नाही. ते गडद तेल नसेल तर तीळच जरा जास्त भाजा आणि अर्धे कुटून घाला. खलबत्त्यात लसणाची एक पाकळी मिठाच्या चिमटीबरोबर ठेचा. दोन अ‍ॅव्होकाडो, काट्याने, ओबडधोबड, मटाराएवढे तुकडे राहिलेच पाहिजेत. अर्ध्या लिंबाचा रस लगेच, नाहीतर काळं पडायला लागतं. मग पातीचा कांदा, आणि मूठभर किमची घट्ट पिळून बारीक चिरून. किमची मी घरीच घातलीय, मार्केटमध्ये चायनीज कोबी म्हणून मिळतो त्याची. विकतच्या किमचीत बऱ्याचदा फिश सॉस नाहीतर खारवलेली कोळंबी असते आणि आई माळकरी, म्हणून लेबल वाचल्याशिवाय घेऊच नका, कुणाला वाढताय ते आधी विचारा. घरी किमची घालताना कोरियन तिखट नसेल तर ब्याडगी वापरा, रंग भरपूर, जळजळ कमी.

आता गोचुजांग. एक मोठा चमचा, थोड्या तिळाच्या तेलात सैल करून वरून सोडायचं आणि चमचा फक्त दोनदा फिरवायचा. बघा, हिरव्यातून लाल रेघा गेल्यात, कुठे जाड, कुठे नुसता डाग. इथे थांबा. मीठ सगळ्यात शेवटी, चाखून, कारण किमचीत आणि गोचुजांगमध्ये ते आधीच आहे. वरून तीळ.

(ज्वारीच्या भाकरीचे कडक तुकडे, ताट.)

भाकरी कालची, तव्यावर दाबून कुरकुरीत केलेली. पहिला तुकडा आईनेच घेतला. उरलं तर वाटीत दाबून सपाट करायचं, वर लिंबू पिळायचं आणि प्लास्टिक अगदी पृष्ठभागाला चिकटवून ठेवायचं, हवा लागली नाही की हिरवं राहतं. आत बी खोचून ठेवतात लोक पण त्याने फक्त बीखालचाच भाग वाचतो.

आमच्याकडे ठेवायची वेळ आली नाही. आईने वाटी पुसून घेतली, खलबत्त्यातला लसूणही भाकरीने निपटला आणि मला म्हणाली, "डब्यात अजून चार आहेत ना गं? दोन उद्या काढ, समोरच्या काकूंना देऊ."