बूट चावतो, हे इंग्रजीत कसं सांगायचं?

आत येताना तुम्ही सगळ्यांनी चपला दाराशी काढल्यात. तिथूनच सुरुवात करते. घरी परदेशी पाहुणा आला, तर हे त्याला कसं सांगाल? आपण पटकन ‘रिमूव्ह युअर शूज’ म्हणतो. चूक नाही, पण ती देवळाबाहेरच्या पाटीची भाषा झाली. बोलताना ‘टेक ऑफ’ म्हणतात.

घालण्याची गंमत याहून मोठी. ‘बूट घाल, निघू या’ आणि ‘तिनं लाल बूट घातलेत’, दोन्हीकडे आपलं घालणं एकच. इंग्रजीत पायात चढवणं म्हणजे ‘पुट ऑन’, आणि चढवलेले पायात असणं म्हणजे ‘वेअर’. लेस बांधता बांधता तुम्ही ‘वेट, आय अ‍ॅम वेअरिंग माय शूज’ म्हणालात, तर समोरच्याला कळत नाही की थांबायचं कशासाठी.

माझ्या वर्गातली एक मुलगी वांद्र्याला लिंकिंग रोडवर बुटांच्या दुकानात काम करते. एका परदेशी बाईंना ती म्हणाली, ‘न्यू शूज बाइट, मॅडम.’ बाई बघतच राहिल्या. ‘शू बाइट’ हा आपला, भारतातला शब्द. मला तो आवडतो, कारण त्यात आपलं चावणं जसंच्या तसं आहे. पण तिकडे त्या एका चावण्याचे तुकडे होतात. बूट आवळतो तेव्हा ‘पिंच’, टाचेला घासतो तेव्हा ‘रब’, आणि घासून फोड आला की ‘ब्लिस्टर’. विकणाऱ्याला हा फरक कळायलाच हवा, कारण आवळणाऱ्या बुटाला मोठा नंबर लागतो, घासणाऱ्याला नाही. बूट पायाला रुळतो, त्याला ‘ब्रेक इन’ म्हणतात.

नंबराचं थोडक्यात. आपल्याकडे ब्रिटिश माप चालतं. एका नंबराचा फरक इंचाचा तिसरा हिस्सा, म्हणजे साडेआठ मिलिमीटरच्या आसपास. अमेरिकन पुरुषानं 9 मागितला, तर आधी 8 काढून बघा.

आता पावसाळा. कुर्ला स्टेशनच्या जिन्यात चपलेचा अंगठा तुटतो. त्याला ‘थंब’ म्हणू नका. थंब फक्त हाताचा. पायाचा अंगठा ‘बिग टो’, आणि चपलेचा ‘टो लूप’. ऐनवेळी आठवलं नाही, तर सरळ ‘द स्ट्रॅप केम ऑफ’ म्हणा. ‘चप्पल’ मात्र खुशाल म्हणा, ऑक्सफर्डच्या कोशात तो शब्द आहे.

‘जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे’ असं आपण म्हणतो. इंग्रजी माणूस वंशात नाही, बुटात शिरायला सांगतो: ‘पुट युअरसेल्फ इन माय शूज’. ती मुलगी परवा वर्गात सांगत होती, एका गिऱ्हाइकानं तोंड वाकडं केलं तेव्हा तिनं विचारलं, ‘पिंचिंग ऑर रबिंग?’ त्यानं टाचेवर बोट ठेवलं. तिनं नंबर तोच ठेवला आणि मागे मऊ कड असलेला जोडा काढून दिला.