हरिश्चंद्रगडावर धुकं उतरतं तेव्हा

मित्रहो, पावसाळ्यात डोंगरात जाऊ नका, असं सांगायला मी आलेलो नाही. सह्याद्री पाहावा तो पावसाळ्यातच. मला बोलायचंय ते धुक्यात थांबावं कधी याबद्दल, आणि त्यासाठी हरिश्चंद्रगडच घेतो. घाटवाटांवर सराव झालेली माणसंही तिथे चुकतात.

आपण ज्याला धुकं म्हणतो तो बहुतेक वेळा डोंगरावर टेकलेला ढगच असतो. अरबी समुद्रावरून आलेला ओला वारा कोकण ओलांडून कड्याला भिडतो, वर चढतो, थंड होतो आणि त्यातल्या बाष्पाचे थेंब होतात. गडाच्या कोकणकड्यासारख्या उभ्या भिंतीपाशी हे फार झपाट्यानं घडतं. समोर दिसणारी टेकडी डबा उघडेपर्यंत नाहीशी होते.

पायथ्याच्या खिरेश्वर गावाहून चढलात तर टोलार खिंडीपर्यंत वाट ठळक आहे. पुढच्या कातळावर रेलिंग आहेत, तिथेही प्रश्न नाही. लोक त्या कातळालाच घाबरतात, आणि तो पार झाला की निर्धास्त होतात. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. वर लहानमोठ्या टेकड्यांचं पठार आहे, मधे झाडी, आणि गडावरचं हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर अजून बरंच लांब. पठारावर गुरांच्या वाटा पायवाटेइतक्याच मळलेल्या असतात. ढोरवाट चरायच्या गवताकडे किंवा पाण्याकडे जाते आणि तिथेच विरते. उजेडात हे दोन मिनिटांत कळतं. धुक्यात मात्र वाट बारीक होत गेली तरी ‘पुढे लागेल’ म्हणत माणूस चालत राहतो. म्हणून वाट दाखवणारा शेवटचा बाण किंवा दगडांची रास दिसेनाशी होण्याआधी पुढची खूण दिसलीच पाहिजे. नाही दिसली, तर गट त्या खुणेपाशीच थांबेल. दोघं हाकेच्या अंतरात पुढे जाऊन बघतील आणि परत येतील. यात वेळ जातो, जाऊ द्या.

वाऱ्याकडे लक्ष ठेवा. पावसाळ्यात तो मुख्यतः नैर्ऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो, आणि कोकणकडा गडाच्या पश्चिम अंगाला आहे. मोकळ्यावर वारा सतत तोंडावर येत असेल, तर तुम्ही कड्याच्या बाजूला सरकत असाल. टेकड्यांच्या आडोशाला मात्र वारा फिरतो, तिथे होकायंत्रच हवं. मोबाईलमध्ये वाटेचा नकाशा घरूनच उतरवून घ्या, पण भिजलेल्या, चार्जिंग संपलेल्या मोबाईलवर अख्ख्या गटाचा जीव टांगू नका. अंधारात धुकं असेल तर डोक्यावरची बॅटरी काढून कमरेजवळ धरा. डोळ्यांजवळचा झोत धुक्यावरून उलटतो आणि समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते.

आता कोकणकड्याबद्दल. इंद्रवज्र, म्हणजे ढगावर उमटणारं गोल इंद्रधनुष्य, दिसेल या आशेनं मुलं भर धुक्यात कड्याच्या टोकाशी जाऊन बसतात. मला याची फार काळजी वाटते. इंद्रवज्राला सूर्य पाठीशी लागतो आणि ढग समोर, पायाखाली. तुम्हीच ढगात असाल, सूर्य झाकलेला असेल, तर काहीही दिसणार नाही. कडा आत वळलेला आहे, कातळ शेवाळलेला असतो, आणि काठ कुठे संपतो ते पाय टाकल्यावरच कळतं. धुकं असेल तर मंदिरापाशीच थांबा. केदारेश्वराची गुहा बघा, पुष्करणी बघा. कडा हिवाळ्यातही तिथेच असतो.

आणि वाट चुकलीच, तर पाण्याच्या ओहोळातून खाली उतरू नका. या डोंगरातले ओहोळ पुष्कळदा कड्यावरून सुटतात. सगळे एकत्र बसा, कोरडं काही असेल ते अंगावर घाला, शिट्टी काढा. मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर ऐकायचं, पुन्हा सहा वेळा. मधेच ढग फाटला तर लगेच पळत सुटू नका. आधी टेकड्या ओळखा, मंदिर कुठल्या अंगाला आहे ते होकायंत्रावर बघून ठेवा, माणसं मोजा, आणि मग उठा. पहिल्यांदाच जाणार असाल तर पाचनई गावाकडची सोपी वाट धरा, आणि गावातला वाटाड्या सोबत घ्या.