भिंतीतली सळई, शेतातला एकर

(दृश्य: माळवदाचं जुनं घर. कॅमेरा भिंतीजवळ जातो.)

या भिंतीवर ओळीनं सिमेंटचे गोल ठिपके दिसतात. इथं भिंत आरपार फोडलीय, आत आकडा वळवलेली सळई घालून काँक्रीट भरलंय.

३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून माणसं झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी भूकंपानं हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं जमीनदोस्त झाली. हजारो माणसं गेली, बहुतेक आपल्याच घराखाली. दगड-मातीची दोन-अडीच फुटी भिंत, पण आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा. दोन्हींना धरून ठेवणारा दगडच नाही. वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. गळू नये म्हणून त्यावर मातीचा थर चढत राहायचा, आणि छप्पर जड होत जायचं.

ती गावं दुसरीकडं वसली. बाकीच्या गावांत घरं जागेवरच मजबूत करायची होती; भिंतीचे दोन्ही थर अशाच सळईनं एकत्र बांधायचे होते. अनुदान हप्त्यांनी येणार, काम घरच्यांनी करून घ्यायचं. दिवसभर त्या घरात वावरणाऱ्या बाईला मात्र कुणी विचारत नव्हतं. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' संस्थेनं तिथंच बोट ठेवलं. सरकारनंही मानलं, आणि बाराशेहून अधिक गावांत महिला मंडळांतल्या बायका 'संवाद सहायक', म्हणजे गाव आणि सरकार यांच्यातला दुवा झाल्या.

या साऱ्या कहाणीत मला हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. चावडीपुढून जाताना डोईवरचा पदर सावरणाऱ्या बाया आता इंजिनिअरला विचारत होत्या: हप्ता कुठं अडकला? सळई किती जाडीची? माळवदावरची माती किती उतरवायची?

२००१ मध्ये कच्छला भूकंप झाला, तेव्हा इथल्या बायका गुजरातला गेल्या. आपल्यावर बेतलेलं आणि त्यातून शिकलेलं तिथल्या बायकांना सांगून आल्या.

(दृश्य: शेत, सकाळ. मेथी खुडणारे हात.)

घरं उभी राहिली, तरी मंडळं मोडली नाहीत. बचत गट झाले. मग दुष्काळ आला, एकामागून एक. रानभर सोयाबीन नाहीतर ऊस, आणि भाजी बाजारातून आणायची. पाऊस हुकला की हातात पैसा नाही, चुलीवर कालवणही नाही. तेव्हा गटातल्या बायांनी घरी मागणी केली: "एक एकर माझ्याकडं द्या. त्यात काय पेरायचं ते मी ठरवीन."

हे मागणं सोपं नव्हतं. रानात राबायचं बाईनं, पेरायचं काय ते मालकानं, म्हणजे नवऱ्यानं ठरवायचं, अशीच रीत. काही जणींना अर्धाच एकर मिळाला, तोही मुरमाड. त्यात तूर, मूग, उडीद, ज्वारी आणि कडेनं मेथी, गवार, दोडका. फवारणीला घरच्या पिंपातला दशपर्णी अर्क, दहा झाडांचा पाला कुजवून केलेला.

२०१६ साली 'स्वयं शिक्षण प्रयोग' संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

सातबाऱ्यावर नाव मात्र बहुतेक ठिकाणी अजून नवऱ्याचंच. बायकोचं नाव त्यावर चढवण्यासाठी 'लक्ष्मीमुक्ती' ही सरकारी योजना आहे. तलाठ्याकडं त्याचा अर्ज द्यायचा, तर आधी नवऱ्याची सही लागते.

(दृश्य: शेताच्या कडेला बसलेली बाई. पाटीत मेथीच्या जुड्या.)