सुहैलीवरचा अ‍ॅडमिरल

(दृश्य: राखाडी समुद्र, क्षितिजावर एक लहान शीड)

इंग्लंडमधलं फाल्मथ बंदर, १४ जून १९६८. एकोणतीस वर्षांचा रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन एकटाच जगाला वळसा घालायला निघालाय. वाटेत कुठंही थांबायचं नाही. होडी ३२ फुटांची, नाव सुहैली. ही शर्यतच होती; तीत नऊ जण उतरले आणि परत पोहोचला तो एकच, हाच.

होडी मात्र आपल्या मुंबईची. इथल्या गोदीत सुतारांनी वाकस आणि सामता चालवून ती सागवानात बांधली. डिसेंबर १९६४ मध्ये ती पाण्यात उतरली, तेव्हा तिच्या डोक्यात जगप्रदक्षिणा नव्हती. म्हणजे या प्रवासासाठी लागणारं एक महत्त्वाचं यंत्र तिच्यावर मागाहून चढवावं लागलं.

मचव्यावर तांडेल झोपला की दुसरा कुणीतरी सुकाण धरतो. इथे दुसरा कोण? १९६० च्या, एकट्यानं अटलांटिक ओलांडायच्या शर्यतीत ब्लॉंडी हॅस्लर आणि फ्रान्सिस चिचेस्टर या इंग्रज दर्यावर्दींनी यावर तोड वापरून दाखवली होती: वाऱ्याचं पातं. होडी वाट सोडून वळली की वारा पात्याच्या अंगावर येतो, पातं कलतं, दोऱ्या ओढल्या जातात आणि होडी पुन्हा वाटेवर येते. वीज नको, तेल नको, झोप तर नकोच.

(दृश्य: होडीचा मागचा भाग, रेखाचित्र)

पण हे पातं बसतं होडीच्या मागच्या टोकाला, आणि सुहैलीची अडचण तिथेच होती. तिचं मागचं टोक पुढच्यासारखंच निमुळतं. त्यावर सुकाण आधीच लटकलेलं. वर मागच्या शिडाची आडवी काठी होडीच्या बाहेरपर्यंत आलेली. तिथे पातं उभं केलं असतं, तर काठीनं पहिल्याच फटक्यात ते झाडून टाकलं असतं. म्हणून एकाऐवजी दोन पाती आली, डाव्या-उजव्या बाजूंना नळ्यांच्या सांगाड्यावर. तिथून दोऱ्या मागच्या एका छोट्या जादा सुकाणाकडे नेल्या. इमारतीला परांची बांधावी तसं ते दिसायचं. नॉक्स-जॉन्स्टननं त्याला नाव ठेवलं ‘अ‍ॅडमिरल’. मला हा सांगाडा आवडतो. कॅटलॉगमधलं यंत्र होडीवर लादण्यापेक्षा, होडी जशी आहे तसं यंत्र त्यानं वाकवून घेतलं.

(दृश्य: ड्रिलचं पातं डेकमध्ये शिरताना, अगदी जवळून)

डेकवर मागाहून काहीही बसवायचं म्हणजे भोक पाडणं आलं. सुहैलीचा डेक सागवानी फळ्यांचा. हल्लीच्या फायबरच्या होड्यांचं गणित वेगळं असतं. वर-खाली फायबरचे दोन पातळ थर आणि मधे बाल्साचं हलकं लाकूड, प्लायवूड किंवा फोम. वर विंच, म्हणजे दोर ओढायचं चक्र, झळकत असते आणि तिच्या बोल्टच्या कडेनं थेंब थेंब पाणी आत उतरत असतं. बाल्सा कुजायला लागतो. पायाखाली डेक मऊ लागतो, तोवर बराच उशीर झालेला असतो.

म्हणून जाणकार माणूस भोक आधी मुद्दाम मोठं पाडतो. आतला बाल्सा थोडा कोरून काढतो, तिथे घट्ट केलेलं इपॉक्सी, म्हणजे कडक होणारी राळ, भरतो, ते कडक झालं की त्यातूनच बोल्टच्या मापाचं भोक पाडतो. आता पाणी शिरलंच तरी ते इपॉक्सीला लागेल, लाकडाला नाही. भोकाची वरची कड किंचित खोलगट करतात, म्हणजे सीलंटला, फट बुजवणाऱ्या लुकणाला, बसायला जागा मिळते. आणि आवळताना बोल्ट फिरवायचा नाही, तो वरून धरून ठेवायचा आणि खालून नट फिरवायचा. बोल्ट फिरला की त्याच्याभोवतीचं सीलंट सुटलं.

नटाखाली जाड पट्टीही हवी. कठड्याच्या खांबावर माणूस आदळला की खांब तरफ होतो आणि सगळा जोर बुंध्याशी येतो. पट्टी नसेल तर छोटासा वॉशर फायबर फाडून वर येतो. लोक नव्या विंचचे फोटो दाखवतात. मला केबिनमध्ये वाकून छताची खालची बाजू बघाविशी वाटते.

त्याच शर्यतीत डोनाल्ड क्राउहर्स्ट घाईघाईनं तयार केलेली तीन धडं शेजारी-शेजारी जोडलेली नवी होडी घेऊन निघाला होता. हादऱ्यांनी त्याच्या वाऱ्याच्या पात्याचे स्क्रू सुटून पडू लागले. जादा स्क्रू नव्हते, म्हणून एका जागचे काढून दुसरीकडे लावायची वेळ आली. कॉकपिटमधल्या, म्हणजे सुकाण धरून बसायच्या उघड्या जागेतल्या, झाकणातून पाणी गळून खालचा जनरेटर भिजला. तो परतला नाही.

अ‍ॅडमिरलही टिकला नाही. त्याच्या जादा सुकाणाचं पातं दक्षिण समुद्रात तुटलं, बदली पातं लावलं, ऑस्ट्रेलिया गाठेपर्यंत तेही गेलं. अजून अर्धी पृथ्वी बाकी होती, आणि मधे केप हॉर्न.

(दृश्य: सुकाणाचा दांडा, त्याला बांधलेली दोरी)

मग नॉक्स-जॉन्स्टननं दोऱ्या घेतल्या. सुकाणाचा दांडा बांधून टाकला आणि पुढची-मागची शिडं एकमेकांना तोलतील अशी कमी-जास्त ताणत बसला. पुढचं शीड होडीचं नाक वाऱ्यापासून दूर ढकलतं, मागचं शीड ते वाऱ्याकडे आणतं. दोन्ही जुळली की सुहैली तासन्‌तास सरळ चालायची. लांब कण्याची, जड, हळू होडी. मुंबईतून निघाली तेव्हापासून तिला हे येत होतं.

२२ एप्रिल १९६९ ला, ३१२ दिवसांनी, ती फाल्मथला पोहोचली.